पाषाणातली निळी फुलं

माझे वडील पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीत कामाला होते. सुरुंग उडाला की पहार घेऊन खाली उतरायचे. घट्ट काळा पाषाण निघाला की मुकादम खूश, पोकळ्यांचा निघाला की कपाळाला आठ्या. असल्या दगडाची खडी कमजोर. फुलं मात्र त्या पोकळ्यांतच असायची.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत खनिजांचे स्फटिक वाढवले. कमरेत बांधलेल्या पेंढीसारखा स्टिल्बाइट, कापसाच्या बोंडासारखा ओकेनाइट.

वडिलांनी एकदा रुमालात बांधून आणलेला मुठीएवढा तुकडा आजही माझ्या टेबलावर आहे. पांढुरक्या, मोतिया स्टिल्बाइटवर वाटाण्याएवढी दोन निळी फुलं, थेट गोकर्णीच्या रंगाची. भिंगाखाली धरलं की एकाच मध्यातून चहूकडे फुटलेल्या बारीक पात्या दिसतात. हा कॅव्हान्साइट, निळाई त्यातल्या व्हॅनेडियमची. अमेरिकेत ओरेगनमध्ये तो 1967 साली सापडला, 1973 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. पण जगभरचे संग्राहक जीव टाकतात तो वाघोलीच्या कॅव्हान्साइटवर. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तो इथल्या खाणींत निघू लागला. त्याआधी क्रशरमध्ये काय काय गेलं असेल, या विचारानं आजही जीव हळहळतो.

पुण्याच्या स्फटिकांची ओळख मात्र फार जुनी. 1831 साली ब्रूक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञानं इथल्या एका खनिजाला ‘पूनालाइट’ नाव दिलं. पुढे तो मेसोलाइटच निघाला आणि आपल्या शहराचं नाव यादीतून गेलं. 1856 ते 1863 या काळात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हाही सुंदर स्फटिक निघाले. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय जरूर पाहा. हे वैभव तिथं मन भरेपर्यंत बघता येतं.

माझ्या तुकड्याची एक उणीव कधीच भरून निघणार नाही. तो नेमक्या कोणत्या खाणीतला, किती खोलीवरचा, हे वडिलांना मी विचारलं नाही. आता ते नाहीत.

म्हणून विहीर खणणाऱ्यांना, पाया खोदणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पोकळीत काही चकाकलं तर ब्रेकर अर्धा तास थांबवा. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर गाव, जागा, खोली, तारीख लगेच लिहून ठेवा.