सासर नावाचा रकाना

हर्सूलहून अजिंठ्याच्या रस्त्याने उत्तरेस निघाले की पुढे फुलंब्री लागते. शंभर वर्षांपूर्वी फुलंब्रीची एखादी मुलगी लग्न होऊन हर्सुलास आली असेल, तर तिने स्थलांतर केले असे म्हणायचे काय? घर, माणसे, आडनाव, हाक मारण्याची रीत, सारेच तिच्यापुरते बदलले. तरीही निजामी अमदानीतील खानेसुमारीत ती स्थलांतरितांमध्ये गणली गेली नसती. हैदराबाद संस्थानातील पहिली खानेसुमारी १८८१ची. तीत आणि नंतरही जन्मस्थळाचा हिशेब जिल्हावार मांडला जाई. आणि ही दोन्ही गावे औरंगाबाद जिल्ह्यातलीच.

जिल्ह्याच्या आतले हे येणेजाणे जनगणनेला दिसू लागले ते १९६१पासून. १९७१मध्ये आधीच्या वास्तव्याचे ठिकाण विचारले गेले आणि १९८१मध्ये स्थलांतराचे कारण. तेव्हा कोठे 'विवाह' हा रकाना अवतरला. २०११च्या जनगणनेत देशातील स्थलांतरित सुमारे ४५ कोटी आहेत, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचे कारण हेच एका शब्दाचे आहे.

नकाशांची गोष्ट याहून निराळी नाही. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८५८ सालच्या जागतिक स्थलांतराचा नकाशा १८६२मध्ये प्रसिद्ध केला. माणसे जितकी अधिक तितका पट्टा रुंद, अशी त्याची युक्ती. हिंदुस्थानातून मजुरीसाठी समुद्रापार गेलेलेही त्यात आहेत. नकाशा देखणा आहे खरा. पण त्याच्या मापात समुद्र ओलांडणाराच मावतो. पुढे १८८५मध्ये रॅव्हेन्स्टाइनने ब्रिटनच्या आकड्यांवरून जवळच्या अंतरावर स्त्रियाच अधिक स्थलांतर करतात, असे दाखवून दिले. तरी आजही स्थलांतराचे बाण काढताना लग्नाचे आकडे पुष्कळदा बाजूला ठेवले जातात. कारण काय, तर ते 'आर्थिक' नव्हे! शेतात राबणाऱ्या सुनेला हे कोणी समजावून सांगावे?

या स्थलांतराचे मराठीतील सर्वांत मोठे दप्तर जात्यावरच्या ओव्यांचे आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या विषयवार लावल्या. ओवीगणिक गाणारणीचे नाव-गाव देण्याची पद्धत तेव्हा नव्हती. ते काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पाने केले. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बर्नार्ड बेल यांनी त्यास संगणकीय रूप दिले. परभणी जिल्ह्यातील ताडकळस, बीड जिल्ह्यातील माजलगाव ही आपल्याकडची गावे त्यात आहेत. २०१७पासून पी. साईनाथ यांच्या 'परी' या संग्रहस्थळावर त्यांतील ओव्या नावागावासह, कित्येक ध्वनिफितींसह उपलब्ध झाल्या. डिजिटल समावेशन म्हणजे हाती फोन देणे, एवढाच अर्थ आपल्याकडे रूढ आहे. निरक्षर म्हणून कागदावर कधी न आलेली बाई येथे कर्ती म्हणून येते. याला आम्ही अधिक मोल देतो.

मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे सावध असावे. नोंदीतले गाव हे गाणारी जेथे भेटली ते, म्हणजे बहुधा सासर. ओवी तर ती आईच्या मांडीला मांडी लावून दळताना शिकलेली असते. या गावांचे ठिपके नकाशावर मांडून कोणी बोलीच्या सीमा आखू लागला, तर माहेरचे शब्द सासरच्या खाती जमा होतील. शिवाय ओवीतले माहेर हे घडवलेले माहेर आहे. तेथे भाऊ सदा न्यायला येतो, वाट सदा सोपी असते. किती ओव्यांत भाऊ आला हे यंत्र क्षणात मोजील. प्रत्यक्षात तो किती वेळा आला, हे त्यावरून कळणार नाही.

हर्सूल आता शहराच्या हद्दीत आहे आणि जाती बहुतेक घरांतून गेली आहेत. ओव्या आठवणाऱ्या आजीबाई मात्र अजून भेटतात. यंदा आमच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या नोंदपत्रकात 'गाव' या शब्दापुढे तीन रेघा आहेत: सासर, माहेर आणि आईचे माहेर.