एपिसोडची लिखित आवृत्ती: फाळक्यांचा वाटाणा आणि दोन सेकंदांचा घोळ

या एपिसोडमध्ये आकडे जरा जास्त आहेत आणि ऐकता ऐकता ते निसटतात, म्हणून बोललेलं थोडं नीट करून इथे लिहून ठेवतोय. बस, ट्रेनमध्ये असाल तर आरामात वाचा.

सुरुवात माझ्या चुकीपासून. मागे दादासाहेब फाळक्यांवर बोलताना मी एक किस्सा सांगितला होता. १९१२ मध्ये फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परत आले. सिनेमा काढायला पैसे हवेत, पण हिंदुस्थानात कोणी सिनेमा काढू शकतो यावर विश्वास कोण ठेवणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एक फ्रेम घेतली. त्यातून मिनिटभराची फिल्म झाली. पडद्यावर वाटाण्याला मोड आला, पानं फुटली, वेल वर चढला. बघणारे थक्क झाले आणि कर्ज मिळालं. ‘अंकुराची वाढ’ हे त्या फिल्मचं नाव. मी हे सगळं एकदम रंगवून सांगितलं होतं.

त्यावर एका मुलीचा मेसेज आला. बारावीला आहे म्हणाली. ‘दादा, रोज एक फ्रेम म्हणजे महिन्याच्या तीस फ्रेम. मग ती फिल्म दोन सेकंदांची झाली ना?’

मी ऑफिसात जेवत होतो. डबा तसाच ठेवला आणि फोनवर हिशेब केला. बरोबर होती ती! दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणं हा माझा धंदा, आणि इथे साधा भागाकारसुद्धा केला नव्हता मी.

आधी यंत्र समजून घेऊ. तेव्हाच्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती, बाजूला दांडा असायचा आणि तो हाताने फिरवायचा. साधारणपणे एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकायच्या. सेकंदाला दोन फेरे मारले की झाल्या सोळा फ्रेम. हा वेग काही कायद्याने ठरलेला नव्हता, हात दमला की कमी आणि जोशात असला की जास्त. पण हिशेबाला सोळा धरायला हरकत नाही. आता पस्तीस मिलिमीटर फिल्मची गंमत बघा, तिच्या एका फुटात बरोबर सोळा फ्रेम बसतात. म्हणजे सोळाच्या वेगाने एक फूट बरोबर एक सेकंद. इतकं सोपं गणित इतिहासात क्वचितच मिळतं.

तर मिनिटभराच्या फिल्मला लागतात साठ फूट, म्हणजे ९६० फ्रेम. रोज एक घेतली तर दोन वर्षं साडेसात महिने लागतील. फाळके १ एप्रिल १९१२ ला परतले आणि ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला ‘राजा हरिश्चंद्र’ लागलासुद्धा. मधे फक्त तेरा महिने. एवढ्यात वाटाणा, मग कर्ज, मग नटांची शोधाशोध, शूटिंग, धुलाई सगळं उरकलं. म्हणजे ‘रोज एक फ्रेम’ आणि ‘मिनिटभराची फिल्म’ ही दोन वाक्यं एकत्र खरी असूच शकत नाहीत. आणि तरी ती कितीतरी लेखांत शेजारी शेजारी बसलेली असतात. माझ्या एपिसोडमध्येही बसली होती.

मग खरं काय असेल? एक शक्यता अशी की फ्रेम रोज एकच घेतली आणि फिल्म दोन-तीन सेकंदांची होती. पण दोन सेकंदांवर सावकार पैसे देईल का? दुसरी, रोज तीसेक फ्रेम सलग घेतल्या. तसं केलं तर पडद्यावर रोप दोन सेकंद गप्प उभं राहणार, मग टुणकन उडी मारून मोठं होणार, परत गप्प. बघायला मजा येईल, पण त्याला वाढ म्हणता येणार नाही. तिसरी शक्यता म्हणजे दिवसभर ठरावीक वेळाने फ्रेम घेतल्या. तीस दिवसांत ९६० करायच्या तर रोज बत्तीस. बारा तास उजेड धरला तर दर साडेबावीस मिनिटांनी एक.

मला ही तिसरी पटते. पटण्याचं एक कारण म्हणजे मी ते करून बघितलं. जुना फोन खिडकीत स्टँडवर लावला आणि कुंडीत वाटाणे टाकले. पहिल्यांदा रोज सकाळी एकच फोटो घेतला. कधी ऊन, कधी ढग, त्यामुळे चालवल्यावर नुसती उघडझाप दिसली. रोप वाढतंय की ट्यूबलाइट फडफडतेय तेच कळेना! दुसऱ्यांदा ॲपला सांगितलं, दर वीस मिनिटांनी एक. यावेळी वेल खरोखर हलायला लागला, हवेत चाचपडत दोरी शोधायला लागला. फरक एवढाच की माझं काम ॲप करत होतं आणि मी झोपलो होतो.

१९१२ मध्ये ॲप म्हणजे माणूस. काही कॅमेऱ्यांत दांडा दुसऱ्या जागी लावला की एका फेऱ्याला एकच फ्रेम सरकायची, ट्रिकच्या शॉट्ससाठी ती सोय होती. पण दर वीस मिनिटांनी येऊन तो फेरा मारायचा कोणी? घरातलंच कोणीतरी. पुरावा नाही, हा माझा अंदाज आहे. मात्र त्या घरात सिनेमाचं काम कोणाकोणावर पडत होतं हे माहीत आहे, आणि त्यासाठी सरस्वतीबाई फाळक्यांकडे वळावं लागतं.

सरस्वतीबाईंबद्दल नेहमी दोन गोष्टी सांगतात. त्यांनी दागिने गहाण ठेवायला दिले आणि साठ-सत्तर माणसांच्या युनिटचा स्वयंपाक केला. दोन्ही खरं, पण त्याने चित्र ‘त्यागमूर्ती पत्नी’ असं होऊन बसतं. तांत्रिक कामाचं नाव मागे राहतं. तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. कडेला जी भोकं असतात, ज्यांत कॅमेऱ्याचे दात अडकून फिल्म पुढे सरकते, ती आपणच पाडायची. त्यासाठी फाळक्यांनी वेगळं यंत्र आणलं होतं आणि ते काम सरस्वतीबाई करायच्या. तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म बाद. भोकं जरा वाकडी पडली तर पडद्यावर सगळं चित्र थरथरणार. शिवाय फिल्म धुणं, रसायनं कालवणं, आणि शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं.

आता मोजू. पस्तीस मिलिमीटरच्या एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं लागतात. म्हणजे फुटाला एका कडेला ६४ आणि दोन्ही मिळून १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी नोंदलेली आहे, ३,७०० फूट. गुणाकार करा: ४,७३,६०० भोकं. हा फक्त एका प्रतीचा हिशेब. निगेटिव्ह वेगळी, पडद्यावर चालणारी प्रिंट वेगळी आणि दोघींना भोकं लागतात, म्हणजे साडेनऊ लाखांच्या आसपास. बाद गेलेली फिल्म यात धरलेलीच नाही. घरच्या चार लोकांचं जेवण आवरून मग जरा हातभार लावला, असलं हे काम नव्हे राव. आज पडद्यावर क्रेडिट चालवायचं तर हा एक पूर्ण विभाग झाला असता आणि त्या प्रमुख असत्या.

त्याच ३,७०० फुटांवरून आणखी एक घोळ सापडला. हा सिनेमा किती वेळाचा? बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, चाळीस मिनिटं. आपलं गणित लावा. सोळाच्या वेगाने ३,७०० फूट म्हणजे ३,७०० सेकंद, म्हणजे तासाभराहून दीडेक मिनिट जास्त. मग चाळीस कुठून आलं? चोवीसने भागून बघा. चोवीस हा बोलपटाचा वेग, मिनिटाला नव्वद फूट. ३,७०० भागिले ९० केलं की येतात एकेचाळीस. माझा कयास असा की कोणीतरी मूकपटाची लांबी बोलपटाच्या वेगाने मोजली आणि पुढच्या सगळ्यांनी कॉपी-पेस्ट केलं. वीस मिनिटं अशीच उडाली.

उरलंय काय? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘हरिश्चंद्र’चे सुमारे १,४७५ फूट आहेत, सोळाच्या वेगाने पंचवीस मिनिटांना थोडे कमी. त्यातही हे १९१३ चे नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, म्हणजे सिनेमा लागल्यावर पन्नास वर्षांनी. फाळके १९४४ मध्येच गेले होते. पी. के. नायर यांनी नंतर फाळके कुटुंबाकडून वगैरे तुकडे गोळा केले म्हणून एवढं तरी आपल्याला दिसतं. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा वाचला. त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, जरूर बघा.

आणि अ‍ॅनिमेशन? १९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची फिल्म केली. काडी हलवा, एक फ्रेम घ्या, परत हलवा, परत एक फ्रेम. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच आगकाड्या नाचवल्या होत्या, तर इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर यांची काड्यांची एक फिल्म आहे. तिचं वर्ष १८९९ की १९१४ यावर अभ्यासक भांडतात. भांडू शकतात, कारण फिल्म शिल्लक आहे, काढून बघता येते. फाळक्यांच्या काड्या शिल्लक नाहीत. वाटाणाही नाही.

जुनी फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. पेटली नाही तर चिकट होऊन भुकटी होणारी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या साठवणीच्या जागेला आग लागून संग्रहालयाच्या पुष्कळ नायट्रेट फिल्म गेल्या. त्यातल्या काहींच्या नव्या प्रती आधीच काढलेल्या होत्या म्हणून निभावलं.

वाटाण्याची रीळ असती तर माझा हा सगळा एपिसोड तीस सेकंदांत संपला असता. फुटपट्टी लावून फ्रेम मोजल्या असत्या, सलग फ्रेममध्ये रोप किती वाढलंय बघितलं असतं, सावली कुठल्या बाजूला पडते त्यावरून दिवसात किती वेळा दांडा फिरला तेही कळलं असतं. रीळ नाही म्हणून ‘रोज एक फ्रेम’ हे वाक्य उरलं, आणि वाक्य आगीत जळत नाही. मेसेज पाठवणाऱ्या मुलीला मी उत्तर दिलंय. जुन्या एपिसोडच्या वर्णनात दुरुस्तीही टाकली आहे.

जाता जाता एक काम. यूट्यूबवर ‘राजा हरिश्चंद्र’ लावा. मी बघितलेल्या प्रतीत सगळे तुरुतुरु पळतात, राजा शिकारीला निघालाय की लोकल पकडायला तेच कळत नाही. स्पीडमध्ये जाऊन ०.७५ करा, जमलं तर ०.६५. राजा चालायला लागतो.