तळटीप १२ : माँटगोमेरीचा बस-बहिष्कार
१२. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या राजधानीत कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर टाकलेला बहिष्कार. ५ डिसेंबर १९५५ पासून तो ३८१ दिवस चालला. बसमधल्या पुढच्या १० जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. कृष्णवर्णीय उतारूंना अनेकदा पुढच्या दाराशी भाडे भरून खाली उतरावे लागे आणि मागच्या दाराने पुन्हा चढावे लागे. तेवढ्यात बस निघूनही जाई.

मूळ मजकुरात रोझा पार्क्स यांचा उल्लेख ‘शिवणकाम करून दमलेली बाई’ असा आला आहे. तो अपुरा आहे. १ डिसेंबरला जागा सोडायला नकार देऊन अटक पत्करणाऱ्या पार्क्स कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस राहिल्या होत्या. त्या दिवशी आपण अंगाने दमलो नव्हतो, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात स्पष्ट केले. अटकेच्या रात्रीच प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी जागून बहिष्काराची हजारो पत्रके चक्रमुद्रित केली. बसमधल्या या भेदभावाविरुद्ध न्यायालयातला निकाल मिळाला तो चार कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दाव्यावर. त्यांतल्या क्लॉडेट कॉल्विन हिला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या १५व्या वर्षी, असाच नकार दिल्याबद्दल अटक झाली होती.

एका दमलेल्या बाईची गोष्ट सांगायला सोपी आहे. पण तिच्यात बाकीच्यांची वर्षानुवर्षांची मेहनत झाकली जाते. वाचकांनी पार्क्स यांच्याबरोबर ही नावेही लक्षात ठेवावीत.
— संपा.