बारागांचं बिशपपद

फ्रेडरिक बारागा यांचं चरित्र बहुधा बिशपपदाकडे चढत जाणारं म्हणून सांगितलं जातं. सनावळी मात्र वेगळं सुचवते. १७९७ मध्ये आजच्या स्लोव्हेनियात जन्मलेले बारागा व्हिएन्नात कायदा शिकले, १८२३ मध्ये धर्मगुरू झाले आणि १८३० सरता सरता न्यूयॉर्कला उतरले. पुढच्याच वर्षी ते मिशिगनमधल्या ओटावा लोकांत राहू लागले आणि १८३२ मध्ये त्यांच्या भाषेतलं प्रार्थनापुस्तक डेट्रॉइटला छापून घेतलं. नंतर सुपीरियर सरोवराकाठच्या ओजिब्वे वस्त्यांत, आधी ला पॉइंटला आणि १८४३ पासून लान्सला, त्यांनी मुक्काम केला. ओजिब्वेचं व्याकरण १८५० मध्ये आलं, कोश १८५३ मध्ये. बिशपपदाची दीक्षा मिळाली ती १ नोव्हेंबर १८५३ रोजी. ज्या कामासाठी त्यांचं नाव टिकलं, ते तोवर हातावेगळं झालं होतं.

यावर कोणी म्हणेल, पदाशिवाय पैसा आणि माणसं कुठून आली असती? १८५४ मध्ये बिशप म्हणूनच ते दोन्हींसाठी युरोपभर फिरले, हे खरं. पण व्हिएन्नातल्या लिओपोल्डिन संस्थेची मदत त्यांना साध्या मिशनऱ्याच्या काळापासूनच मिळत होती. बिशप झाल्यावर पहिलं पत्रक त्यांनी इंग्रजीबरोबर ओजिब्वेतही काढलं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्यातून त्यांचा ओढा दिसतो, पदाची मागणी नव्हे. तांब्या-लोखंडाच्या खाणींवर आयरिश, जर्मन, फ्रेंच बोलणारे कॅथलिक लोटत होते आणि बिशपाला चर्च, पाद्री, कर्ज यांचा हिशेब आधी त्यांच्यासाठी मांडावा लागत होता.

दुसरी हरकत नैतिक आहे: कोश आणि व्याकरण ही धर्मांतराचीच अवजारं होती. होतीच, आणि ओजिब्वेंच्या जुन्या श्रद्धांबद्दल बारागांना आस्था होती असा दावा करणं भाबडेपणा ठरेल. पण अवजार कोणी बनवलं यावर ते पुढे कोण वापरणार हे ठरत नाही. ओजिब्वेचे अभ्यासक तो कोश आजही उघडतात. लान्सच्या लोकांना हुसकावलं जाऊ नये म्हणून बारागांनी तिथे जमीन विकत घेतली, तीही बिशप होण्याच्या आधी. बिशप म्हणून मात्र १८६६ मध्ये त्यांनी आपलं पीठ सू सेंट मेरीहून मार्केटला नेलं. मार्केट हे खनिज लोखंडाचं बंदर होतं. जानेवारी १८६८ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला.