ई. श्रीधरन

एलाट्टुवलपिल श्रीधरन (जन्म: १२ जून १९३२) हे भारतीय स्थापत्य अभियंता व भारतीय रेल्वेतील निवृत्त अधिकारी आहेत. कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो या प्रकल्पांच्या उभारणीचे नेतृत्व त्यांनी केले. भारतातील ‘मेट्रो मॅन’ म्हणून ते ओळखले जातात.

== प्रारंभिक जीवन ==
श्रीधरन यांचा जन्म सध्याच्या केरळमधील पालक्काड जिल्ह्यात झाला. काकीनाडा येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी स्थापत्यशास्त्राची पदवी घेतली. काही काळ अध्यापन व मुंबई बंदरात उमेदवारी केल्यानंतर १९५४ मध्ये ते दक्षिण रेल्वेत रुजू झाले.

== रेल्वेतील कारकीर्द ==
डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळात रामेश्वरमला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पांबन पुलाचे बरेच गर्डर समुद्रात वाहून गेले. दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली होती. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. श्रीधरन यांनी समुद्रातील गर्डर शोधून बाहेर काढवले व ४६ दिवसांत पूल पुन्हा वाहतुकीयोग्य केला. १९७० पासून त्यांच्याकडे कलकत्ता मेट्रो या देशातील पहिल्या मेट्रोच्या नियोजनाचे व आराखड्याचे काम होते. पुढे ते पश्चिम रेल्वेचे महाव्यवस्थापक व रेल्वे बोर्डाचे सदस्य झाले. १९९० मध्ये ते सेवानिवृत्त झाले.

== कोकण रेल्वे ==
त्याच वर्षी स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाचे ते पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. रेल्वे मंत्रालयासह महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये महामंडळात भागीदार होती. उरलेला निधी मुख्यतः कर्जरोख्यांतून उभारण्यात आला. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किमीचा मार्ग सह्याद्रीच्या डोंगररांगा व अनेक खाड्या ओलांडतो. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे ६.५ किमी लांबीचा असून पानवल पुलाची उंची सुमारे ६४ मी. आहे. मऊ मातीतील बोगदे, विशेषतः गोव्यातील पेडणे येथील बोगदा, सर्वांत अवघड ठरले. या प्रकल्पात अनेक कामगारांना प्राण गमवावे लागले. खाजण जमिनी व जुने गोवे येथील वारसास्थळे यांना धोका पोहोचेल म्हणून गोव्यात मार्गाच्या आखणीला तीव्र विरोध झाला व चौकशीही करण्यात आली. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली.

== दिल्ली मेट्रो ==
१९९७ मध्ये श्रीधरन दिल्ली मेट्रो रेल महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक झाले. उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे कार्यालयांत लावणे ही त्यांची कार्यपद्धती प्रसिद्ध आहे. निविदा व नेमणुकांत बाहेरचा हस्तक्षेप नको, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची प्रत्येक सूचना मात्र मान्य झाली नाही. त्यांचे मत स्टँडर्ड गेजच्या बाजूने असूनही पहिल्या टप्प्यासाठी ब्रॉडगेज ठरले. शाहदरा ते तीस हजारी या पहिल्या मार्गाचे उद्घाटन २४ डिसेंबर २००२ रोजी झाले.

१२ जुलै २००९ रोजी जमरूदपूर येथे बांधकाम सुरू असलेला पुलाचा भाग कोसळून काही जणांचा मृत्यू झाला. नैतिक जबाबदारी स्वीकारून श्रीधरन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही. ३१ डिसेंबर २०११ रोजी ते पदावरून निवृत्त झाले.

== नंतरचा काळ ==
२०१७ मध्ये सुरू झालेल्या कोची मेट्रोचे ते प्रमुख सल्लागार होते. २०२१ मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश करून पालक्काडमधून केरळ विधानसभेची निवडणूक लढवली. तीत ते पराभूत झाले. त्याच वर्षी त्यांनी सक्रिय राजकारणातून निवृत्ती जाहीर केली.

== सन्मान ==
* पद्मश्री (२००१)
* फ्रान्सचा ‘लेजियाँ द ऑनर’ (२००५)
* पद्मविभूषण (२००८)