तुरा आखडलेली कोंबडी

कोंबडीच्या अंगावर पिसांची दुलई असते, पण तुरा आणि चोचीखालच्या लालभडक पाळ्या उघड्याच राहतात. उन्हाळ्यात याच वाटेने अंगातली उष्णता बाहेर पडते. कडाक्याच्या थंडीत मात्र तिथला रक्तपुरवठा आटतो. तुऱ्याची टोकं आधी फिकी, मग काळी पडतात आणि गळून जातात. हा हिमदंश झाला की कोंबडी अंडी घालायची थांबू शकते, कोंबड्याचं बीजही कमजोर होऊ शकतं.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत घसरतो. तिथे पाळल्या जाणाऱ्या लेगहॉर्नसारख्या जाती बाहेरून आलेल्या. अंड्यांना उत्तम, पण तुरा मोठा आणि पातळ. कुणी त्याला चरबी चोळे, कुणी तो कात्रीने छाटूनच टाकी.

ओका इथल्या ख्रिस्ती मठातले ब्रदर विल्फ्रिड शातलां यांनी १९०८च्या सुमारास वेगळीच वाट धरली. थंडी ज्याला चावते, ते कोंबडीच्या अंगावर वाढूच द्यायचं नाही! त्यांनी कॉर्निश कोंबडा आणि पांढरी लेगहॉर्न यांचा संकर केला. पुढे ऱ्होड आयलंड रेड, वायंडॉट आणि प्लिमथ रॉक यांचंही रक्त मिसळलं. दहा वर्षांच्या निवडीनंतर, १९१८ मध्ये, ‘शांतक्लेर’ ही नवी जात लोकांसमोर आली. तुरा गादीसारखा बसका, पाळ्या जेमतेम दिसतील एवढ्या. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली.

यातला कॉर्निश आपल्याला परका नाही. आपल्याकडच्या झुंजीच्या असील कोंबड्याचं रक्त त्याच्यात आहे. इंग्लंडमध्ये त्याला ‘इंडियन गेम’च म्हणत. हिमाशी कधी गाठ न पडलेल्या असीलचा आखूड तुरा असा बर्फात कामी आला, हे फार विलक्षण वाटतं.

तुरा आखडला म्हणून खुराड्याची काळजी संपत नाही. थंडीच्या भीतीने फटी बुजवल्या की श्वासाची आणि विष्ठेची ओल आत कोंडते, तुऱ्यावर बसते आणि गोठते. कोरडी थंडी कोंबडी बरीच सोसते, ओली नाही. प्रिन्स वुड्स या अमेरिकन डॉक्टरने १९१२ मध्येच पुढून उघड्या, हवेशीर खुराड्यांचा आग्रह धरणारं पुस्तक लिहिलं होतं.

पुढे अंड्यांचे कारखाने आले, खुराडी गरम ठेवता येऊ लागली आणि शांतक्लेर मागे पडली. १९७९ मध्ये तर ती नामशेष झाल्याचं मानलं गेलं. पण काही लहान शेतकऱ्यांनी आपले कळप मोडलेले नव्हते. त्यांच्या अंगणात ती जिवंत सापडली.