‘हान्स एगेडे’ : उत्तर ध्रुवाची बातमी आणणारे जहाज आणि त्याचा निःशब्द अंत

१/
१ सप्टेंबर १९०९. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवरील लर्विक बंदरात एक लहानसे डॅनिश जहाज थोडा वेळ थांबले. तेथून काही तारा रवाना झाल्या आणि जहाज पुढे निघाले. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने जगाला सांगितले : मनुष्य उत्तर ध्रुवावर पोहोचला. त्या जहाजाचे नाव ‘हान्स एगेडे’.

२/
हे नाव ज्याचे, तो हान्स एगेडे १७२१ मध्ये ग्रीनलंडला गेलेला धर्मोपदेशक. तेथील डॅनिश वसाहतीचा आरंभ त्याच्यापासून मानला जातो. १९०५ मध्ये बांधलेले हे वाफेचे जहाज जेमतेम ९०० टनांचे होते. उतारू आणि माल अशा दोहोंची वाहतूक ते करी.

३/
त्या काळी ग्रीनलंड परक्यांसाठी जवळजवळ बंदच होते. व्यापाराची मक्तेदारी ‘रॉयल ग्रीनलंड ट्रेड’ या सरकारी संस्थेकडे होती. पीठ, कॉफी, कोळसा, अवजारे आणि टपाल घेऊन जायचे. कातडी, चरबी, मासे आणि रजेवर निघालेले अधिकारी घेऊन परतायचे, हा अशा जहाजांचा नित्यक्रम. बर्फ वितळल्यावर क्षितिजावर दिसणारा धूर म्हणजेच किनाऱ्यावरील वस्त्यांसाठी बाहेरचे जग होते.

४/
१९०९ च्या उन्हाळ्यात याच जहाजावर एक अमेरिकन प्रवासी चढला : डॉ. फ्रेडरिक कुक. एटुकिशुक आणि अहवेला या दोन इनुइट तरुणांसह २१ एप्रिल १९०८ रोजी आपण उत्तर ध्रुव गाठला, असे त्याचे म्हणणे होते. ग्रीनलंडमधून युरोपात परतण्यासाठी या व्यापारी जहाजाखेरीज त्याला फारसा पर्याय नव्हता.

५/
४ सप्टेंबरला जहाज कोपनहेगनला पोहोचले. धक्क्यावर अलोट गर्दी उसळली होती. स्वागताला खुद्द डेन्मार्कचे युवराज आले होते. पत्रकारांच्या घोळक्यात फिलिप गिब्ज नावाचा एक तरुण इंग्रज बातमीदारही होता. ध्रुवप्रवासाचे ज्ञान त्याला बेताचेच होते. पण त्याने कुकला साधे प्रश्न विचारले : रोजनिशी कुठे आहे? निरीक्षणांचे कागद कुठे आहेत?

६/
समाधानकारक उत्तर मिळाले नाही. आपली मूळ कागदपत्रे व उपकरणे ग्रीनलंडमध्ये मागे ठेवली आहेत, असे कुकने सांगितले. सारे शहर जल्लोषात असताना गिब्जने शंका छापली आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. कोपनहेगन विद्यापीठाने तर कुकला मानद पदवीही बहाल केली.

७/
६ सप्टेंबरला लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावरून रॉबर्ट पिअरीची तार आली : ६ एप्रिल १९०९ रोजी ध्रुव आपण जिंकला. वादाला तोंड फुटले. डिसेंबरमध्ये त्याच कोपनहेगन विद्यापीठाने निर्णय दिला, की कुकने सादर केलेल्या कागदांत ध्रुव गाठल्याचा पुरावा नाही. पुढे पिअरीच्या दाव्यावरही अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

८/
या गदारोळाशी ‘हान्स एगेडे’ला काही कर्तव्य नव्हते. ते पुन्हा आपल्या फेऱ्यांना लागले : वसंतात निघायचे, हिमनगांतून वाट काढायची, शिशिराच्या आत परतायचे. पहिले महायुद्ध आले आणि गेले. तीन दशके ओळखीच्या बंदरांत ओळखीचा माल उतरत राहिला.

९/
९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि ग्रीनलंडची नाळ एका दिवसात तुटली. मातृभूमीहून जहाज येणार नाही. मग हिवाळ्याचे धान्य कोठून येणार? आणीबाणीत स्वतःच्या अधिकारात कारभार करण्याची तरतूद कायद्यात होती. तिचा आधार घेऊन एस्के ब्रुन आणि अक्सेल स्वाने या दोन प्रांताधिकाऱ्यांनी सूत्रे हाती घेतली.

१०/
ग्रीनलंडकडे देण्यासारखी एक मोलाची वस्तू होती : इव्हिगटुटच्या खाणीतील क्रायोलाइट. ॲल्युमिनियम तयार करताना हे खनिज लागे आणि ॲल्युमिनियमवाचून विमाने बनत नसत. क्रायोलाइट उत्तर अमेरिकेकडे जाऊ लागले आणि तिकडून जीवनावश्यक माल येऊ लागला. बरोबर एक वर्षाने, ९ एप्रिल १९४१ रोजी, वॉशिंग्टनमधील डॅनिश राजदूत हेन्रिक काउफमान यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ग्रीनलंडच्या संरक्षणाचा करार अमेरिकेशी केला. व्याप्त कोपनहेगनमधील सरकारने त्यांना देशद्रोही ठरवले.

११/
कोपनहेगनची वाट बंद झालेल्या ‘हान्स एगेडे’पुढे आता उत्तर अमेरिकेचा किनारा उरला होता. पस्तिशी ओलांडलेले, संथ चालीचे हे जहाज. बर्फ आणि धुके त्याच्या परिचयाचे होते. पाण्याखालचा शत्रू मात्र नवा होता. जानेवारी १९४२ पासून जर्मन पाणबुड्यांनी अमेरिका व कॅनडाच्या किनाऱ्यालगत जहाजांची अक्षरशः शिकार मांडली होती.

१२/
त्यांपैकी एक होती उलरिख बोर्खर्टच्या अधिपत्याखालील ‘यू-५८७’. ३ मार्च १९४२ रोजी तिने न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदराच्या तोंडाशी येऊन टॉर्पेडो सोडले. ते फोर्ट ॲम्हर्स्टखालच्या कड्यांवर आदळून फुटले. तीनच दिवसांनी, ६ मार्चला, तिच्या वाटेत ‘हान्स एगेडे’ आले. जहाज बुडाले. जहाजावरील एकही माणूस वाचला नाही.

१३/
मग ही घटना जगाला कळली कशी? सांगायला जहाजावरचे कोणी उरले नव्हते. पाणबुडीही त्या मोहिमेवरून परतली नाही. २७ मार्च १९४२ रोजी परतीच्या वाटेवर तिने ‘डब्ल्यूएस-१७’ हा ब्रिटिश सैनिकी काफिला पाहिला आणि त्याची खबर रेडिओवरून मुख्यालयाला दिली. तो संदेशच तिच्या जिवावर उठला. काफिल्याच्या संरक्षक जहाजांवर रेडिओलहरींचा उगम शोधणारे नवे यंत्र होते. विनाशिकांनी पाणबुडीला गाठले. तिच्यावरील ४२ पैकी कोणीही वाचले नाही. जहाजावरील अशा यंत्राच्या साहाय्याने बुडवलेली ही पहिली पाणबुडी मानली जाते.

१४/
‘डब्ल्यूएस’ मालिकेतील काफिले आफ्रिकेला वळसा घालून मध्यपूर्वेकडे आणि हिंदुस्थानकडे सैन्य नेत. त्यांतील कित्येक जहाजांचा शेवटचा मुक्काम मुंबई बंदर असे. अटलांटिकमधील त्या चकमकीचा धागा असा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

१५/
पाणबुडीची रोजनिशी तिच्यासोबतच तळाशी गेली. तिने वाटेत पाठवलेले संदेश मात्र मुख्यालयाच्या दप्तरी राहिले, आणि युद्धानंतर अशाच नोंदी ताडून बेपत्ता जहाजांचा माग काढला गेला. मारणाऱ्याचा त्रोटक अहवाल आणि बंदरात कधीच न पोहोचलेल्या जहाजाची नोंद, एवढ्यावरच ‘हान्स एगेडे’चा शेवट आपल्याला ठाऊक आहे.

१६/
डॉ. कुकचे निधन ऑगस्ट १९४० मध्ये झाले; अखेरपर्यंत त्याने दावा सोडला नाही. त्याच्या त्या एका प्रवासावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले गेले. ‘हान्स एगेडे’चे नाव आजही बहुधा त्याच संदर्भात निघते. पण ज्या वस्त्यांना त्याने ३७ वर्षे पीठ, कोळसा आणि पत्रे पोहोचवली, त्यांच्या दृष्टीने जहाजाचे खरे कार्य तेच होते, आणि मार्च १९४२ मध्ये ते खलाशी त्याच कामावर होते.